भिंतीच्या पोटातलं ऊन पाणी

भिंतींना कान असतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वाड्यात वाढलेल्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. पण भिंतींना आतडीही असतात, त्या आतड्यांचं कधीतरी बिघडतं, आणि बिघाड आपल्या भिंतीत झाला तरी पोट दुखतं ते खालच्या मजल्यावरच्या माणसाचं, हे ज्ञान मला व्हायला एकसष्टी उलटावी लागली.

गोष्ट तशी ऊन पाण्याची आहे. ती सुरू करायची तर बंबापासून करायला हवी.

माझं लहानपण नारायण पेठेतल्या एका वाड्यात गेलं. तिथल्या न्हाणीघराच्या तोंडाशी आमचा तांब्याचा बंब असे. तांबट आळीत घडवलेला, पोटाने गोल, तीन पायांवर उभा, आणि चिंच लावून घासला की सोन्यासारखा चमकणारा. बंबाइतकं सरळ यंत्र माणसाने दुसरं केलं नसेल. मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि पुढे तोटी. बस्स. कोळसे, चिपाडं, गोवरीचे तुकडे, जुन्या वह्या, काय वाटेल ते त्याच्या पोटात जाई. (माझं इयत्ता सातवीचं प्रगतिपुस्तक कुठे गेलं हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दिवशी पाणी मात्र चांगलं कडकडीत तापलं होतं.) मुख्य म्हणजे बंबाचं सगळं उघड्यावर होतं. विस्तव दिसे, धूर दिसे, पाणी कुठून येतं आणि कुठून जातं ते दिसे. तो गळायला लागला तर जमिनीवर थेंब दिसत आणि आई म्हणे, "बंब डाग द्यायला न्यायला झालाय." मग तो तांबटाकडे जाई, डाग लावून परत येई. खालच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं, कारण आम्हीच तळमजल्यावर होतो. माणसाचं निम्मं मनःस्वास्थ्य तळमजल्यावर राहण्यात आहे, असं माझं आता मत झालं आहे.

१९८१ साली आम्ही कोथरूडला सोसायटीत राहायला आलो, दुसऱ्या मजल्यावर. बंब माळ्यावर गेला, न्हाणीघराचं बाथरूम झालं आणि त्यात विजेचा गीझर आला. पण पाइप मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भिंतीच्या बाहेरूनच होते. लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेले, क्लिपांनी भिंतीला धरून ठेवलेले. दिसायला फारसे देखणे नव्हते. पण सासरेबुवांसारखे होते. घरात आहेत हे सगळ्यांना माहीत असे, कुठे बसलेत ते दिसे, आणि कुरकुर करू लागले तर लगेच कळे.

२००८ साली गच्चीवर सोलर बसवला. महापालिका घरपट्टीत सवलत देते, हे कळल्यावर आमच्या इमारतीत सूर्यभक्तांची संख्या एकाएकी वाढली होती. काळ्या काचेच्या नळ्या उन्हात तापतात, तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. ना पंप, ना वीज, ना कोळसा. तिथून गरम पाण्याचा पाऊण इंची पाइप बाहेरच्या भिंतीवरून दुसऱ्या मजल्यावर उतरला, बाथरूममध्ये शिरला, तिथून बोळातल्या भिंतीवरून आडवा स्वयंपाकघरातल्या सिंकपर्यंत गेला.

त्या बोळातल्या पाइपाचा शोध आमच्या आईने लावला.

शोध म्हणजे काय, तर सकाळी मी आंघोळीला बसलो की पाइपातून ऊन पाणी धावायचं आणि लोखंड मस्त तापायचं. आई तेव्हा पंचाहत्तरीची होती. थंडीत तिची बोटं आखडत. एकदा मी बाथरूममधून बाहेर आलो तर ती बोळात दोन्ही तळवे पाइपावर ठेवून, डोळे मिटून उभी. मला वाटलं चक्कर आली. "काय गं, काय होतंय?" म्हणून विचारलं, तर चट्कन हात काढून म्हणाली, "काही नाही, पंचा वाळलाय का बघत होते." पाइपावर तिने खरोखरच एक पंचा टाकून ठेवला होता. पुढे तिथे नातवाचे मोजे आले, स्वयंपाकघरातलं फडकं आलं, पावसाळ्यात तर माझा बनियनही आला. त्या चार फुटी पाइपाला आमच्या घरात पाटबंधारे खात्यापेक्षा जास्त लाभधारक होते.

आता इतकं सगळं सुरळीत चालू असताना माणसाने गप्प बसावं की नाही? पण २०११ साली सौ.च्या मावसबहिणीने बाणेरला नवा फ्लॅट घेतला आणि आम्ही वास्तुशांतीला गेलो. परत येताना रिक्षात ही बराच वेळ काही बोलली नाही. कर्वे पुतळा आला तेव्हा म्हणाली, "अहो, त्यांच्याकडे एक पाइप दिसत नाही हो!"

हे मी पाहिलंच नव्हतं. मी बासुंदी पाहत होतो. पण दुसऱ्या दिवसापासून मला आमच्या घरात पाइपांखेरीज काही दिसेना. कमोडवर बसलो की समोर पाइप, दाढी करताना आरशात पाइप, जेवताना हिच्या डोक्यामागून पाइप निघाल्याचा भास. नव्या घरांत सगळं भिंतीच्या पोटात असतं. वायर आत, पाणी आत, भिंतीतून नळाचं नुसतं नाक बाहेर. त्याला 'कन्सील्ड' म्हणतात. लपवलेलं असं मराठीत म्हटलं तर कुणी दर चौरस फुटाला जादा पैसे देणार नाही.

प्लंबर आला. त्याला आम्ही उस्ताद म्हणत असू. माणूस हुशार होता, आणि मागून त्याच्यावर मी जे जे आरोप केले त्यांतला एकही खरा नव्हता, हे इथंच लिहून ठेवतो. त्याने भिंतीवर टकटक केलं, डॉक्टरसारखं ऐकलं आणि म्हणाला, "बाहेरची भिंत नऊ इंची आहे, तिला काही होत नाही. बोळातली साडेचार इंची. तिला झिरी मारायची म्हणजे बेताने मारावी लागेल." साडेचार इंची भिंत म्हणजे एका विटेची रुंदी. तिच्यात दीड इंच खोल झिरी मारायची म्हणजे तिसरा हिस्सा भिंत गेली. कटर मशीन सुरू झालं तेव्हा घरात इतकी धूळ उडाली की सौ. आणि मी एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो. एका ठिकाणी वीट पोकळ निघाली आणि छिन्नी आरपार गेली. भोकाला डोळा लावून पाहिलं तर पलीकडून आई तिच्या कॉटवर बसून माझ्याकडे पाहत होती. "आता तरी पुरे की रे," ती म्हणाली.

लोखंडी पाइप गेले. आतून पाहिले तर क्षार बसून बसून अर्ध्या इंची पाइपाचं भोक शिसपेन्सिलीएवढं राहिलं होतं. सौ.ने ते पुरावा म्हणून दोन दिवस टीपॉयवर ठेवले. त्यांच्या जागी पिवळट रंगाचा, गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाइप आला, ज्याला सीपीव्हीसी म्हणतात. तो गंजत नाही, त्यात क्षार फारसे बसत नाहीत, आणि आटे पाडायची भानगड नाही, सोल्युशन लावून सांधा चिकटवायचा. एक गोष्ट मात्र उस्तादने मला समजावली ती मला फार आवडली. हा पाइप तापला की लांब होतो. तीन मीटरचा तुकडा चाळीस अंशांनी तापला तर सात-आठ मिलिमीटरनी वाढतो. लोखंड त्या मानाने दीडच मिलिमीटर. म्हणून त्याला भिंतीत आवळून गाडायचं नाही, जरा हलायला जागा ठेवायची, वळणावर सैल सोडायचं. "पाइप पण श्वास घेतो, साहेब," उस्ताद म्हणाला.

श्वासावरून आठवलं. पुण्याला पाइप लपवण्याची परंपरा काही बाणेरहून आलेली नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते जमिनीखालून, दगडी नळाने. वाड्यांतले आणि चौकांतले हौद त्या पाण्याने भरत. पण त्या नळाला बांधणाऱ्यांनी जागोजागी उच्छ्वास ठेवले. विहिरीसारखे, वर उघडणारे. हवा बाहेर पडावी, गाळ काढता यावा, आत माणूस उतरून पाहू शकावा. म्हणजे लपवलं, पण कुठे लपवलं ते बघायची सोय ठेवून लपवलं. रोमन लोक तर स्नानगृहाच्या जमिनीखालून आणि भिंतींच्या आतल्या पोकळ विटांमधून गरम धूर खेळवत आणि सबंध खोली तापवत. गुलामांची सोय असल्यामुळे त्यांना प्लंबरची वाट पाहावी लागत नसावी. माझा एक आतेभाऊ इंग्लंडात असतो. त्याच्या घरात ऊन पाणी आंघोळीपुरतं नाही, घर तापवायलाही फिरतं. बॉयलरमधून निघून तांब्याच्या पाइपांतून, लाकडी तक्तपोशीच्या खालून आणि भिंतींतून, प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत जातं आणि निवून परत येतं. म्हणजे अख्खं घर एक बंब आणि माणसं आत! तो सांगतो की तिकडे भिंतीत खिळा मारण्यापूर्वी लोक एक छोटं यंत्र भिंतीवरून फिरवतात. आत पाइप किंवा वायर असली तर ते किंचाळतं. हे त्याने मला २०१५ साली सांगितलं. २०११ साली सांगितलं असतं तर हा लेख झाला नसता.

झिरीत पाइप बसले. उस्तादने हातपंप लावून पाण्याचा दाब दिला, काटा रात्रभर तसाच राहिला. सकाळी तो म्हणाला, "साहेब, प्लॅस्टर मारायच्या आधी फोटो काढून ठेवा. कुठून कुठे गेलाय ते नंतर मला पण आठवणार नाही." माझ्या तेव्हाच्या मोबाइलला कॅमेरा होता, पण त्यात माणूस आहे की म्हैस एवढाच बोध होई. म्हणून मी बँकेत पस्तीस वर्षं खतावण्या लिहिलेल्या हाताने एक नकाशा काढला. मोजमापांसकट. गरम लाल, गार निळा. एका लग्नपत्रिकेच्या लांबट पाकिटावर तो फार सुरेख उतरला. पाकीट मी जपून ठेवलं. दिवाळीत रद्दी गेली. त्या लग्नाला आम्ही आहेर केला होता, म्हणजे हिशेब संपला असं समजून हिने पाकीट रद्दीत टाकलं. यात तिचा काही दोष नाही. (हे वाक्य तिने लेख वाचल्यावर घालायला लावलं आहे.)

बोळाची भिंत गुळगुळीत झाली. फिका बदामी रंग आला. पाहुणे येऊन म्हणाले, "वा! एक पाइप दिसत नाही हो!" सौ.च्या चेहऱ्यावर ते तेज आलं जे लग्नातल्या फोटोतही नाही.

आई मात्र दोन-तीन दिवस सकाळी उठून बोळात यायची, भिंतीशी थबकायची आणि हातातला पंचा कुठे टाकावा ते न कळून परत जायची. बोलली काही नाही. ती बोलत नसे. पण मला ते पाहवेना. म्हणून एका रविवारी मी शेजाऱ्यांकडून ड्रिल मशीन आणलं आणि स्वतःच्या हाताने तिथे पंचा टाकायला एक स्टीलचा दांडा बसवला. चार स्क्रू. घरातलं कुठलंही काम मी पहिल्या फटक्यात केल्याचा तो एकमेव प्रसंग. तीन स्क्रूंनी जरा त्रास दिला. चौथा मात्र शेवटी शेवटी लोण्यात गेल्यासारखा गेला. हात बसला म्हणायचा, असं मला वाटलं. आईने दांड्यावर पंचा टाकला, हात लावून पाहिला आणि म्हणाली, "छान झालंय. गार आहे."

पुढची तीन वर्षं सुखात गेली.

२०१५ च्या जानेवारीत एका सकाळी खालच्या मजल्यावरचे नाना वर आले. नाना म्हणजे हस्ताक्षर, व्याकरण आणि नळाची वेळ या तिन्ही बाबतींत कडक. ते दारातच उभे राहिले. "बसत नाही. फक्त एक बघायला याल का?" म्हणाले. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर, छताजवळ, ओल आली होती. देवघराच्या बरोबर वर. रंगाचे पोपडे सुटले होते. तेवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले? त्यांनी त्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने बारीक रेघ मारली होती आणि तारीख घातली होती. बाहेर दुसरी रेघ, दुसरी तारीख. तिसरी. हवामान खात्याच्या नकाशासारखं दिसत होतं. "अकरा तारखेला ही गोव्याएवढी होती," नाना शांतपणे म्हणाले. "आज कोकण व्यापलंय. संक्रांतीपर्यंत देशावर येईल."

सेक्रेटरींनी उपविधी दाखवून सांगितलं की घरातल्या नळांची गळती हा सभासदाचा प्रश्न आहे, सोसायटीचा नाही. मी त्यावर जे बोललो ते सभेच्या इतिवृत्तात नाही, हे त्यांचे उपकार. मग मी नानांना म्हणालो की तुमच्याच बाथरूममधून ओल वर चढत असेल. नाना म्हणाले, "पाणी वर चढतं हे मला नवीन आहे." एवढं बोलून दार लावून घेतलं. चौतीस वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा. दर गणपतीत खिरापतीची वाटी आमच्याकडून खाली आणि त्यांच्याकडची वर येत असे. गॅस संपला की सौ. पातेलं घेऊन खाली जात असे; माझे वडील गेले त्या रात्री हॉस्पिटलात माझ्याबरोबर बसले ते नानाच. आणि आता जिन्यात गाठ पडली की ते चपलांकडे बघत उतरायचे. एका ओलीने हे केलं होतं. मला रात्री झोप लागेना. भिंतीला कान लावून ऐकत बसायचो. टप टप ऐकू यायचं, पण ते घड्याळ असायचं.

उस्तादला बोलावलं. मी त्याला दारातच दोन शब्द ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आधी गरम गळतंय की गार ते बघू." गच्चीवर जाऊन त्याने सोलरचा व्हॉल्व्ह बंद केला. "दोन दिवस गार पाण्याने आंघोळ करा. ओल थांबली तर गरम लाइन." जानेवारीत! तेही केलं. आईपुरतं गॅसवर तापवलं, आणि मी मात्र गार पाण्याने आंघोळ करताना इतके मोठ्याने श्लोक म्हटले की वरच्या मजल्यावरच्या बाई सौ.ला म्हणाल्या, "भावजी अलीकडे बरेच धार्मिक झालेत." दोन दिवसांनी नानांच्या भिंतीवरची पेन्सिलीची रेघ जागची हलली नव्हती. त्यांचा तो छळवादी नकाशाच शेवटी आमच्या उपयोगी पडला. गळत होतं ते ऊन पाणी.

पण कुठे? नकाशा रद्दीवाल्याकडे. पाणी जिथे गळतं तिथेच खाली उतरत नाही, स्लॅबवरून वाट काढत कुठल्या कुठे जातं. त्यामुळे नानांचं देवघर वर कशाच्या खाली येतं याला काही अर्थ नव्हता. उस्ताद म्हणाला, गळती शंभरात नव्वद वेळा सांध्याला असते, प्लॅस्टिकला पितळेचा आटा जोडतो तिथे. कुणी जास्त आवळलं की चीर जाते. म्हणून मिक्सरखालच्या टाइल्स फोडल्या. आत ठणठणीत कोरडं. मग स्वयंपाकघरातल्या सिंकखालची भिंत फोडली. तीही कोरडी. टाइल्सच्या दुकानात गेलो तर दुकानदार आमचा तुकडा हातात घेऊन, पुराणवस्तू पाहावी तसा उलटसुलट करून म्हणाला, "हा माल आता येत नाही." टाइल्स फक्त फुटण्याआधी मिळतात. आजकाल भिंतीचा ताप मोजून आतलं दाखवणारे कॅमेरे भाड्याने आणता येतात म्हणे. तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. तिसरा हातोडा कुठे मारायचा यावर मी, उस्ताद आणि सौ. अशा तिघांची सभा बोळात भरली. मी म्हणत होतो बाथरूमची दुसरी भिंत. ही म्हणत होती आता काही फोडलंत तर मी माहेरी जाते. (हिचं माहेर पेरूगेटाजवळ. रिक्षाने पंधरा मिनिटं.)

तेवढ्यात आई खोलीतून काठी टेकत आली. तिला बाथरूमला जायचं होतं आणि आम्ही वाट अडवून उभे होतो. ती म्हणाली, "काय शोधताय रे एवढं?"

"पाणी कुठे गळतंय ते, आजी," उस्ताद म्हणाला.

"अरे, मग इथे बघा की," असं म्हणून तिने दांड्यावरचा पंचा बाजूला केला आणि भिंतीवर तळवा ठेवला. नेमका, जराही न चाचपडता. "इथे ऊन लागतंय. दिवाळीपासून लागतंय. आधी एवढंसंच होतं, आता हात मावतो."

आम्ही तिघांनी आळीपाळीने हात लावून पाहिला. मला काही कळेना. उस्तादने डोळे मिटून पुन्हा लावला आणि म्हणाला, "आहे."

"मग तू बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मला वाटलं," आई म्हणाली, "माझ्यासाठीच काहीतरी सोय केलीयस."

यावर काय बोलणार? उस्तादने दांडा काढला. चौथा स्क्रू बाहेर आला तो तांबडा, गंजून बारीक झालेला, आणि त्याच्या मागोमाग पाण्याची एक सुतासारखी धार. ती थेट माझ्या चष्म्यावर आली. स्टीलच्या दांड्याला मी साधे लोखंडी स्क्रू वापरले होते. ड्रिलचं टोक पाइपाला नुसतं चाटून थांबलं होतं, पण स्क्रू मात्र टोकाने आत शिरला आणि स्वतःच बूच होऊन बसला. तीन वर्षं त्याने इमानाने पाणी अडवलं. पाइप रोज तापून लांब होत होता, निवून आखडत होता, स्क्रू गंजत होता. अखेर ते बूच सैल झालं. आणि लोण्यात गेल्यासारखं वाटलं होतं ते लोणी कसलं, ते आता कळलं.

उस्तादने तो स्क्रू माझ्या हातावर ठेवला. एक शब्द बोलला नाही. मी दारात त्याला जे दोन शब्द ऐकवले होते ते त्याने परत केले असते तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी तो स्क्रू कागदात गुंडाळून खाली गेलो. नानांनी दार उघडलं. मी म्हणालो, "नाना, गळती सापडली. मीच केली होती." आणि पुडी पुढे केली. त्यांनी चष्मा लावला, स्क्रू उजेडात धरून पाहिला. बराच वेळ. मग आत हाक मारली, "अगं, चहा टाक. दोन." आणि मला म्हणाले, "दीड इंची आहे. तिथे एक इंची पुरला असता." प्लॅस्टरचे पैसे त्यांनी घेतले, पावती दिली. रंगाचे घेतले नाहीत. रंग त्यांना यंदा द्यायचाच होता म्हणाले. ते खोटं होतं. त्यांच्याकडे दोनच वर्षांपूर्वी रंग झाला होता, डबे मीच वर-खाली करू लागलो होतो.

पाइपाचा खराब तुकडा कापून उस्तादने नवा घातला. झिरी बुजवायला सिमेंट कालवायला लागला तेव्हा सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आईकडे पाहत होती. "राहू द्या उस्ताद," ती म्हणाली. "एवढा बोळातला बाहेरूनच घ्या. आणि हो, लोखंडीच घाला. प्लॅस्टिक कुठे तापतं मेलं." उस्तादने मान हलवली आणि दोन्ही टोकांना पितळेचे सांधे देऊन चार फूट जस्ती पाइप भिंतीवरून काढला. बदामी भिंतीवर तो अगदी वाईट दिसतो. बाणेरच्या मावसबहिणीने तो पाहून विचारलं होतं, "हे काय, पैसे कमी पडले का?" ही म्हणाली, "हो."

आई २०१९ साली गेली. शेवटच्या हिवाळ्यापर्यंत तिचा पंचा त्या पाइपावर असे. सौ.ला अलीकडे बोटांचा त्रास सुरू झालाय. डॉक्टर म्हणतात वयाप्रमाणे व्हायचंच. परवा थंडी जरा जास्त होती. मी आंघोळ आटोपून बाहेर आलो तर ही बोळात, अंधारातच, दोन्ही तळवे पाइपावर ठेवून उभी. मी खाकरलो.

"काही नाही हो," हात काढत ती म्हणाली, "टॉवेल वाळलाय का बघत होते."